टाकीच्या चढावर ताई

३ जानेवारी, शनिवार

ताई ट्रेकला जाणार म्हणे! माझ्या ट्रेकला. त्या खिंडीला!

दुपारी मी दुकानामागच्या खोलीत पडलो होतो. ती गळ्यात टेप, तोंडात टाचण्या अशी आत आली. टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि म्हणाली, "तुझ्या त्या खिंडीला मी जाते. मे महिन्यात. तू मला तयार कर."

मला वाटलं चेष्टा करतेय. पन्नाशी उलटलेली बाई. दिवसभर मशीनवर बसून लोकांचे पडदे शिवते. दुसऱ्या मजल्यावर खिडकीचं माप घ्यायचं असलं तरी भावोजींना पिटाळते. ही परदेशात जाऊन डोंगर चढणार? मी हसलो. ती हसली नाही.

मग मी भिंतीकडे तोंड केलं. खिंडीचा विषय निघाला की अजून गलबलतं. बूट घेतले होते, व्हिसा आला होता, आणि निघायच्या तोंडावर पाय सुजले म्हणून डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी थेट डायलिसिसवर घातलं. ज्या मास्तरच्या शिट्टीला अख्खी शाळा टरकून असायची, तो आता सोमवार-बुधवार-शुक्रवार सुया टोचून घेऊन आडवा पडतो आणि पाणी वाटीनं पितो.

म्हणे तू मला तयार कर.

५ जानेवारी, सोमवार

डायलिसिसच्या मशीनवरून आलो. अंगात त्राण नाही. ताईनं नेहमीसारखं माझ्या डाव्या हातावर बोट टेकवलं. तिथे शीर आणि धमनी जोडलेली आहे, सुया तिथेच टोचतात. ती जागा थरथरत असली की रस्ता मोकळा आहे असं समजायचं. "चालू आहे," ती म्हणाली. रोज बघते. शिलाई मशीनचा पट्टा तपासावा तशी!

वर विचारते, माझं वेळापत्रक झालं का?

बाई गंभीर आहे.

६ जानेवारी, मंगळवार

झालं वेळापत्रक. सकाळी जिना, संध्याकाळी टाकीचा चढ — आमच्या गल्लीच्या टोकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जो रस्ता जातो तो. स्कूटरसुद्धा तिथे रडत चढते. मी अट घातली, आधी डॉक्टर. म्हणाली, बायकांच्या ज्या ग्रुपबरोबर जायचंय त्यांचे डॉक्टर आहेत, त्यांनी वजन, शुगर, प्रेशर तिन्ही खाली आणायला सांगितलंय. तिन्ही आले नाहीत तर परवानगी नाही.

माणूस शिस्तीचा दिसतो. आवडला आपल्याला.

११ जानेवारी, रविवार

पहिली चाल. मी टाकीच्या चढाच्या पायथ्याशी घडीची खुर्ची टाकून. गळ्यात शिट्टी. ताई निघाली ती मालाच्या गाडीसारखी. अर्ध्यावर कंपाउंडच्या भिंतीला टेकली. मी शिट्टी मारली. तिनं वरूनच हात हलवला — म्हणजे गप्प बस. मी पुन्हा मारली. शेजारच्या इमारतीतला कुत्रा भुंकायला लागला.

खाली आली तेव्हा चेहरा टोमॅटो. भावोजी पाण्याची बाटली घेऊन उभे. ते गाडी चालवायला शिकवतात. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून बसून अशी सवय लागलीय की काळजी वाटली की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो, रस्त्यावर उभे असले तरी. आज सारखा दाबत होते.

ताई ओरडली नाही, चिडली नाही. फक्त विचारलं, यानं वजन किती उतरेल?

मी म्हटलं, वजनाचं सोड. खिंडीला पाय लागतात, दम लागतो. ती म्हणाली, "पाय होतील. तू वजनाचं बोल."

बायकांना वजनाचं काय पडलेलं असतं कोण जाणे.

१ फेब्रुवारी, रविवार

तीन आठवडे एकही खाडा नाही. माझ्या शाळेच्या टीममध्ये अशी एक पोरगी असती तर!

चहातली साखर गेली. बिस्किटं गेली. दुकानात गिऱ्हाइकांसाठी गोळ्यांची बरणी असायची, तीही गेली. संध्याकाळी उकडलेल्या भाज्या. भावोजी निमूट खातात आणि नंतर माझ्या खोलीत येऊन लपवलेलं चॉकलेट खातात. मला देत नाहीत, मला चालत नाही ना! नुसता वास.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ताईनं कंबरदुखीच्या गोळ्या सोडल्या. वाकून वाकून शिवण्याची कंबर ती, रात्री एक गोळी घेतल्याशिवाय झोप नव्हती. एकदम बंद! मी म्हटलं, अगं ट्रेकला अशी गोळी बरोबर ठेवतातच. तर म्हणाली, डॉक्टर नको म्हणालेत.

त्या गोळ्या किडनीला वाईट. हे मला कुणी सांगायला नको. मी किती खाल्ल्या शाळेच्या स्पर्धांच्या दिवसांत. गुडघा दुखला, खा गोळी. तिनं सोडल्या याचा मला फार आनंद झाला. तिच्या तरी शाबूत राहोत.

ती रात्री कण्हते. भिंतीतून ऐकू येतं. मी गरम पाण्याची पिशवी भरून दिली तर म्हणते, मास्तर, तुम्ही झोपा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बँकवाले आजोबा मशीनवर आले नाहीत. माझ्या शेजारची खुर्ची त्यांची. बुधवारी मला कोडं सोडवायला लावलं होतं. सिस्टरला विचारलं तर तिनं चादर बदलायला घेतली. कळलं.

कुणाला सांगितलं नाही घरी.

किडनीसाठीच्या यादीत माझा नंबर जिथे होता तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. धरलाय. पण हातातली ती जागा गेल्या महिन्यात दोनदा बंद पडली. तीच गेली तर पुढे कुठे टोचणार?

ताईची किडनी मला नको, हे मी गेल्या वर्षीच सांगून टाकलंय. तिनं विषय काढला तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. तिची कंबर, तिचं दुकान, तिचा संसार. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, आणखी किती घ्यायचं तिच्याकडून? सुदैवानं डॉक्टरांनीच वजन आणि काठावरची शुगर बघून तिला परत पाठवलं. विषय मिटला. त्या दिवशी ती रडली आणि माझा जीव भांड्यात पडला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

न थांबता टाकीपर्यंत! न थांबता!!

वर पोचून तिनं दोन्ही हात वर केले. मी खुर्चीतून उठलो, शिट्टी इतकी फुंकली की डोळ्यांपुढे काजवे. भावोजींनी माझा दंड धरला आणि पायानं ब्रेक दाबला.

एवढा आनंद मला शेवटचा कधी झाला होता आठवत नाही. पोरांनी करंडक आणला तेव्हासुद्धा नाही.

८ मार्च, रविवार

भांडण. उंचीवर डोकं दुखू नये म्हणून एक गोळी मिळते. जायच्या आधी घरी एकदा घेऊन पाहावी, मानवते की नाही कळतं. मी नाव लिहून दिलं. ताई म्हणाली, मी गरज नसताना कुठलंही औषध पोटात घालणार नाही. मी म्हटलं, अगं, तिथे पाणी पिऊन भागत नाही, माणसं मरतात! ती म्हणाली, तेव्हाचं तेव्हा बघू.

तेव्हाचं तेव्हा? सोळा हजार फुटांवर?

माझं डोकं फिरलं. म्हटलं, तुला खिंडीची पर्वाच नाही. नकाशा दिला तो तू उघडून पाहिला नाहीस. थंडी किती असते ते एकदा तरी विचारलंस? नुसतं वजन आणि शुगर, वजन आणि शुगर! ती टेप गुंडाळत बसली. मग माझ्याजवळ येऊन हातावर बोट टेकवलं आणि म्हणाली, चालू आहे. आणि निघून गेली.

असं कुणी भांडण संपवतं का?

९ मार्च, सोमवार

मशीनवर होतो तर ताई डबा घेऊन आली. नकाशा बरोबर. माझ्या उशाशी बसून पहिल्यापासून समजावून घेतला. हा मुक्काम, ही नदी, हा झुलता पूल, ही खिंड. मी बोलत राहिलो. चार तास कधी गेले कळलं नाही. सिस्टर म्हणाली, आज तुमचं प्रेशर किती छान आहे.

मला वाटतं ताई त्यासाठीच आली होती. तिला नदीबिदीशी काही नाही. मनानं फार चांगली आहे ती. कालचं मी उगाच बोललो.

२९ मार्च, रविवार

आता पाठीवर वजन. लोक बाटल्या भरतात, ताईनं पडद्याच्या कापडाचे तुकडे भरले. जाड मखमल. पट्टे स्वतः शिवून अशी सॅक तयार केलीय की बाजारातली लाजेल. मी पट्टा ओढून पाहिला, शिवण हलली नाही.

चढावर लोक आता तिला ओळखतात. दूधवाला थांबून विचारतो, ताई कधी निघायचं? ती म्हणते, मास्तर सांगतील तेव्हा.

तिचे गाल बसलेत. गळ्याची हाडं दिसतात. जुन्या फोटोतल्यासारखी दिसायला लागलीय — मला कडेवर घेतलंय तो फोटो.

४ एप्रिल, शनिवार

शुगर उतरली! प्रेशर एका गोळीत आवाक्यात! ताई डॉक्टरांकडून आली ती दारातूनच सांगत. भावोजी डोळे पुसत होते. मी म्हटलं, अहो भावोजी, अजून खिंड बाकी आहे. ते म्हणाले, हो, हो, बाकी आहे. आणि अंघोळीला गेले. संध्याकाळी पाच वाजता.

१६ एप्रिल, गुरुवार

ताईच्या उजव्या कोपराच्या आत निळाकाळा डाग. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला होता, कात्री घेताना बाही वर गेली.

विचारलं तर म्हणाली, ट्रेकसाठी रक्त घेतलं. मी काय दूधखुळा आहे? सुयांच्या खुणा माझ्याइतक्या कुणी पाहिल्यात? रक्त घेतल्याचा डाग असा नसतो. ही जाड सुई होती, शिरेत बराच वेळ राहिलेली. शिरेत औषध सोडून आतला काहीतरी फोटो काढलाय. धडधाकट बाईचा असा फोटो कशाला काढतील?

भावोजींना गाठलं. काय काढलंय डॉक्टरांनी? ते म्हणाले, काही नाही, सगळं उत्तम. आणि उजवा पाय दाबला तो दाबूनच धरला.

हिच्या हृदयात काहीतरी निघालंय. आणि माझ्यासाठी म्हणून ही ते लपवून चढणार आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

मशीनवर दिवसभर तोच विचार. मी तिला पळवलं. कंबर दुखत होती तरी पळवलं. शिट्टी मारून.

१८ एप्रिल, शनिवार

सांगून टाकलं.

दुकान बंद झाल्यावर ती कापडाचे तागे लावत होती. मी म्हटलं, ताई, नको जाऊस. "ती खिंड माझी होती. तू गेली नाहीस तरी चालेल मला. तू घरात असलीस की पुरे."

तिनं तागा खाली ठेवला. मला वाटलं ओरडेल. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली, मांडी घालून. एवढं सहज तिला जानेवारीत बसता येत नव्हतं. म्हणाली, "माझ्या अंगात काही निघालेलं नाही. तुझ्या गळ्याची शपथ. उलट सगळं चांगलं निघालंय." मी म्हटलं, मग तो डाग? म्हणाली, "तपासणीच होती. मी तुला आत्तापर्यंत कधी काही मागितलं नाही. आता मागते. मला मध्येच थांबवू नकोस."

माझ्या गळ्याची शपथ ती खोटी घेणार नाही. एवढं मला ठाऊक आहे.

मी रडलो. तीही रडली. भावोजी आले, काय झालं न विचारता आमच्यात बसले आणि रडायला लागले. तिघंही मखमलीच्या ढिगाशेजारी! कुणी गिऱ्हाईक आलं असतं तर दुकानात कुणीतरी गेलंय असं वाटलं असतं.

१९ एप्रिल, रविवार

टाकीचा चढ. शिट्टी घरी ठेवली. मी पायथ्यापासून थोडं तिच्याबरोबर चाललो, विजेच्या खांबापर्यंत. मग दम लागला. ती थांबली. मी म्हटलं, तू जा. ती म्हणाली, थांबते ना, मला कुठे घाई आहे.

खांबाला टेकून उभे राहिलो दोघं. खाली दुकानाची पाटी दिसत होती. लहानपणी शाळेत जाताना मी मागे पडलो की ती अशीच थांबायची आणि पुढे बघत राहायची, म्हणजे मला लाज वाटू नये. आजही पुढेच बघत होती.

२ मे, शनिवार

ऑर्डरी उरकण्याच्या मागे आहे. एका हॉटेलचे सगळे पडदे या आठवड्यात हवेत. गिऱ्हाइकांना सांगते, जुलैपर्यंत दुकान बंद. मी म्हटलं, ट्रेक पंधरा दिवसांचा, सुट्टी दोन महिन्यांची? म्हणाली, नंतर आराम करेन, इतक्या वर्षांत केलाय का कधी?

खरंच केला नाही. करू दे की.

बूट अजून घेतले नाहीत तिनं! नवे बूट आधी पायात रुळवावे लागतात, हे मी कितीदा सांगितलं. या बाबतीत माझी विद्यार्थिनी नापास.

९ मे, शनिवार

माझी तब्येत बरी नाही. हातातली जागा पुन्हा बंद पडत होती, त्यांनी कशीबशी मोकळी केली. डॉक्टरांचा चेहरा मला आवडला नाही. ताई बाहेर त्यांच्याशी बराच वेळ बोलली. काचेतून दिसत होतं, ती माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारतेय आणि ते मान हलवताहेत.

आत येऊन म्हणाली, काळजी करण्यासारखं नाही.

तिनं आता जाऊ नये असं वाटतं. लिहायला लाज वाटते, पण वाटतं. ती परदेशात डोंगरावर आणि इकडे माझं काही झालं तर? बोललो नाही. एवढी मेहनत केलीय तिनं, मी आडवा येणार नाही.

१२ मे, मंगळवार

शेवटची चाल. मीच सांगितलं, आता विश्रांती, रविवारी विमान आहे.

ती टाकीपर्यंत गेली आणि आली. घाम पुसला. धापसुद्धा नाही. मी उठून उभा राहिलो, मुलं निरोपाच्या दिवशी माझ्यासमोर उभी राहायची तसा. म्हटलं, ताई, मी आयुष्यात पुष्कळ पोरं तयार केली, पण असं कुणी मन लावून केलं नाही. तू पास.

ती म्हणाली, "खरंच ना? नीट बघून सांग."

मी म्हटलं, नीट बघून सांगतो.

तिनं डोक्यावरून हात फिरवला माझ्या. रस्त्यात, सगळ्यांसमोर. पंचेचाळिशीच्या माणसाच्या!

१५ मे, शुक्रवार

मशीनवर असताना किडनीचे डॉक्टर स्वतः आले. मागे ताई. स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, तुम्हाला दाता मिळालाय. वजन, शुगर, प्रेशर, दोन्ही किडन्यांचे फोटो, सगळं नियमात बसलंय. आता फक्त तुमचं रक्त तिच्याशी जुळवून पाहायचं आणि तुमचा होकार.

तिच्याशी?

मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिकीट काढलंच नव्हतं रे. खरं सांगितलं असतं तर तू मला एक पायरी चढू दिली नसतीस."

खरंय. नसती दिली.

नाही म्हणायला तोंड उघडलं. ती समोर उभी होती, सरळ, मी घडवलेली. मग सिस्टरला म्हणालो, घ्या रक्त.